बंदराच्या चित्राची किंमत काढण्याआधी
शिडाची जहाजं, धक्क्यावरची गर्दी असं छापील चित्र भिंतीवर असेल, तर किंमत काढण्याआधी ते जपून फ्रेमबाहेर काढा. काचेआडून खात्रीने काही कळत नाही. मग १० पट भिंगातून आकाशाचा निळा भाग बघा. रंगीत ठिपक्यांची एकसारखी फुलं दिसली, तर ती ऑफसेट, म्हणजे यंत्रावरची घाऊक छपाई. बहुतेकदा शोभेचीच प्रत. सहीवरही भिंग धरा. पेन्सिलची रेघ तिरप्या उजेडात किंचित चमकते, छापलेली सही आजूबाजूच्या शाईसारखीच सपाट दिसते. कोपऱ्यातल्या ४५/२०० (२०० प्रतींपैकी ४५वी) अशा आकड्याने हुरळू नका, तोही छापता येतो. तपकिरी डाग, कापलेला समास यांनी भाव उतरतो. आणि तुलना करताना विक्रेत्याने मागितलेली नव्हे, प्रत्यक्ष विक्रीत मिळालेली रक्कम धरा.