युद्धनौकांवरून बॅलिस्टिक क्षेपणास्त्रे रोखण्याचे पर्याय तपासताना या चुका टाळा

युद्धनौकेवरून बॅलिस्टिक क्षेपणास्त्र (उंच कमानीने जाऊन लक्ष्यावर कोसळणारे क्षेपणास्त्र) पाडणे ही गोष्ट आता चाचणीपुरती राहिलेली नाही. 13-14 एप्रिल 2024 च्या रात्री इराणने इस्राएलवर हल्ला चढवला, तेव्हा ‘कार्नी’ आणि ‘आर्ले बर्क’ या अमेरिकी विनाशिकांनी पूर्व भूमध्य समुद्रातून एसएम-3 ही क्षेपणास्त्रविरोधी क्षेपणास्त्रे डागली. एसएम-3 प्रत्यक्ष लढाईत वापरले जाण्याची ती पहिलीच वेळ होती. संरक्षणशास्त्राच्या विद्यार्थ्यांचे या विषयावरचे निबंध तपासताना मला ठरावीक चुका पुन्हा पुन्हा आढळतात. नकाशा बाजूला ठेवून क्षेपणास्त्राच्या माहितीपत्रकापासून तुलना सुरू केली जाते आणि बहुतेक चुका तिथेच जन्म घेतात.

नौकेभोवती वर्तुळ काढू नका

क्षेपणास्त्राचा पल्ला त्रिज्या म्हणून घ्यायचा, नौकेभोवती वर्तुळ काढायचे आणि आतला सगळा प्रदेश सुरक्षित धरायचा, ही सर्वांत जास्त आढळणारी चूक आहे. नौकेमुळे सुरक्षित होणाऱ्या प्रदेशाचा आकार शत्रूचे क्षेपणास्त्र कोठून सुटते, किती उंच चढते आणि त्या मार्गाच्या मानाने नौका कोठे उभी आहे यावर ठरतो. एक साधा हिशेब करून पाहा. 900 किलोमीटर दूरच्या लक्ष्याकडे नेहमीच्या मार्गाने निघालेले क्षेपणास्त्र सुमारे सव्वादोनशे किलोमीटर उंची गाठते आणि सात-आठ मिनिटांत खाली येते. तेवढ्या वेळात ते दिसायला हवे, त्याचा मार्ग ठरायला हवा, डागण्याचा निर्णय व्हायला हवा आणि आपले क्षेपणास्त्र भेटीच्या ठिकाणी पोहोचायला हवे. नौका दोनशे किलोमीटर चुकीच्या बाजूला असेल, तर पल्ला कागदावर पुरेसा असूनही वेळ पुरत नाही. म्हणून आधी नकाशावर उगम, लक्ष्य आणि नौकेची जागा हे तीन बिंदू मांडावेत, आणि क्षेपणास्त्राचे नाव त्यानंतर लिहावे.

रडारचे क्षितिज विसरू नका

पृथ्वी गोल आहे हे सर्वांना माहीत असते, पण पर्यायांची तुलना मांडणाऱ्या तक्त्यात ते क्वचितच उतरते. ढोबळ सूत्र असे आहे, की रडारच्या आणि लक्ष्याच्या मीटरमधील उंचीची वर्गमुळे काढून बेरीज करावी आणि तिला 4.12 ने गुणावे, म्हणजे किलोमीटरमध्ये अंतर मिळते. पाण्यापासून 20 मीटर उंचीवरच्या रडारला समुद्रसपाटीवरची वस्तू जेमतेम 18 किलोमीटरपर्यंत दिसते, 10 किलोमीटर उंचीवरची सुमारे 430 किलोमीटरपर्यंत आणि 100 किलोमीटर उंचीवरची सुमारे 1,320 किलोमीटरपर्यंत. दूर उभ्या असलेल्या नौकेला क्षेपणास्त्र सुटताना दिसतच नाही. ते क्षितिजावर आल्यानंतरच दिसते, आणि तोपर्यंत हातातली मौल्यवान मिनिटे निघून गेलेली असतात.

हे झाले भूमितीचे. रडारच्या ताकदीचा प्रश्न याहून कठीण आहे, कारण परत येणारा प्रतिध्वनी अंतराच्या चौथ्या घाताने क्षीण होतो. तेच लक्ष्य दुप्पट अंतरावर पाहायचे असेल, तर रडारची क्षमता सोळापट लागते. त्यामुळे ‘जुन्याच नौकेवर थोडे मोठे रडार बसवू’ हे वाक्य लिहिण्यापूर्वी त्या नौकेवरची वीज, शीतकरण आणि वजन पेलण्याची क्षमता पाहावी लागते.

यावर दुसराही उपाय आहे, आणि निबंधांत तो हमखास गाळला जातो. एप्रिल 2011 च्या एका चाचणीत वेक बेटावरच्या रडारने माहिती पुरवली आणि ‘ओकेन’ या विनाशिकेने स्वतःच्या रडारला लक्ष्य दिसण्यापूर्वीच एसएम-3 डागले. म्हणून नौकेच्या पर्यायासमोर तिला माहिती कोणते रडार देणार आणि ते कोणाच्या भूमीवर आहे, हे नोंदवलेच पाहिजे.

एकाच अस्त्राकडून सगळ्याची अपेक्षा

एसएम-3 वातावरणाबाहेर काम करते. त्याच्या टोकाशी स्फोटके नसतात; ते केवळ वेगाने आदळून लक्ष्य नष्ट करते. एसएम-6 हे दुसरे अमेरिकी अस्त्र वातावरणाच्या आत, क्षेपणास्त्र खाली येत असताना, स्फोटक शीर्षाने वार करते. त्यामुळे जे क्षेपणास्त्र मुद्दाम कमी उंचीवरून येते आणि वाटेत वळणे घेते, ते पहिल्याच्या खालून निसटू शकते आणि दुसऱ्याला शेवटच्या काही क्षणांतच सापडते.

मार्च 2024 मध्ये ‘अल्सास’ या फ्रेंच फ्रिगेटने तांबड्या समुद्रात येमेनमधील हूती बंडखोरांची बॅलिस्टिक क्षेपणास्त्रे आस्टर-30 या क्षेपणास्त्राने पाडली, हे यश मोठेच आहे. पण ते नौकेचे आणि तिच्या आसपासच्या जहाजांचे रक्षण होते. त्यावरून एखाद्या महानगराचे दूर पल्ल्याच्या क्षेपणास्त्रापासून रक्षण होईल, असे अनुमान काढता येत नाही. माझगाव डॉकमध्ये बांधलेल्या ‘विशाखापट्टणम’, ‘मुरगाव’, ‘इम्फाळ’ आणि ‘सुरत’ या विनाशिकांबद्दल लिहितानाही हाच विवेक ठेवावा. त्यांच्यावरील प्रत्येकी 32 बराक-8 क्षेपणास्त्रे मुख्यतः विमाने आणि जहाजभेदी क्षेपणास्त्रांविरुद्ध आहेत. डीआरडीओ आणि नौदलाने 21 एप्रिल 2023 रोजी ओडिशाच्या किनाऱ्याजवळ समुद्रातून ज्या अस्त्राची पहिली चाचणी घेतली, तो वातावरणाच्या आत बॅलिस्टिक क्षेपणास्त्र रोखण्याचा स्वतंत्र कार्यक्रम आहे. या दोन्हींना एका रकान्यात कोंबू नये.

नळ्या मोजताना

अलीकडच्या आर्ले बर्क वर्गाच्या विनाशिकेवर 96 उभ्या प्रक्षेपण नळ्या असतात, म्हणून 96 बॅलिस्टिक क्षेपणास्त्रे पाडता येतील असे नाही. त्याच नळ्यांत जमिनीवर मारा करणारी टॉमहॉक, विमानविरोधी आणि पाणबुडीविरोधी अस्त्रेही भरावी लागतात, शिवाय एका लक्ष्यावर सहसा एकाहून अधिक अस्त्रे डागण्याची तयारी ठेवावी लागते. 1 ऑक्टोबर 2024 रोजी इराणने इस्राएलवर सुमारे 180 क्षेपणास्त्रे सोडली. ‘बल्कली’ आणि ‘कोल’ या दोन विनाशिकांनी मिळून त्यांवर सुमारे डझनभर अस्त्रे डागली. रिकाम्या नळ्या भरायला आजही बंदर गाठावे लागते. समुद्रातच नळी भरण्याचे प्रात्यक्षिक ‘चोसिन’ या क्रूझरवर ऑक्टोबर 2024 मध्ये झाले, पण प्रात्यक्षिक म्हणजे रोजची सोय नव्हे. त्यातच एक नौका कायम ठिकाणावर ठेवायची, तर दुरुस्ती, प्रशिक्षण आणि प्रवास धरून एकूण तीन-चार नौका लागतात.

जमिनीचा पर्याय सोपा समजू नका

या हिशेबाने घाबरून अनेकजण तीच प्रणाली जमिनीवर बसवा असे सुचवतात. जपाननेही तेच ठरवले होते. नौकांवरच्या खलाशांचा ताण हलका व्हावा, म्हणून उत्तरेला अकिता आणि नैऋत्येला यामागुची येथे दोन तळ उभारून सारा देश झाकायची योजना होती. अकितात अराया हीच जागा योग्य आहे, इतर ठिकाणी डोंगर रडारच्या आड येतात, असे संरक्षण मंत्रालयाने सांगितले. जून 2019 मध्ये उघड झाले, की डोंगरांचे कोन मोजताना गूगल अर्थवरचे असे छेदचित्र वापरले होते, ज्यात उंचीचे आणि अंतराचे प्रमाण वेगवेगळे होते. ज्या डोंगराचा कोन 15 अंश लिहिला होता, तो प्रत्यक्षात 4 अंशांचा निघाला. शाळकरी भूमितीतली ही एक चूक लोकांचा विश्वास घालवायला पुरली.

यामागुचीत प्रश्न वेगळा होता. क्षेपणास्त्राचा पहिला टप्पा जळून गेल्यावर सरावभूमीतच पडेल, वस्तीवर पडणार नाही, असे आश्वासन रहिवाशांना दिले होते. ते पाळायचे तर क्षेपणास्त्राच्या रचनेतच बदल करावा लागेल, हे ध्यानात आल्यावर तत्कालीन संरक्षणमंत्री तारो कोनो यांनी जून 2020 मध्ये योजना थांबवली. त्याच वर्षाअखेर जपानने पुन्हा समुद्राकडे मोर्चा वळवला आणि जमिनीसाठी घेतलेले रडार दोन नव्या जहाजांवर बसवायचे ठरवले. ज्या खलाशांचा ताण कमी करायला निघालो, त्यांच्याच माथी आणखी दोन जहाजे आली. तक्त्यात खर्चाच्या रकान्याशेजारी रिकामा टप्पा कोठे पडणार आणि माणसे कोठून आणणार, हे दोन रकाने नसले, तर असे निर्णय चांगले भासतात.

चाचण्यांचा निकाल अर्धाच वाचणे

यशस्वी चाचण्यांची टक्केवारी देऊन थांबू नका. फसलेली चाचणी का फसली, ते शोधा. जून 2017 मध्ये ‘जॉन पॉल जोन्स’ या विनाशिकेवरून डागलेले एसएम-3 चे ‘ब्लॉक 2ए’ हे रूप लक्ष्याला धडकले नाही. चौकशीअंती प्रसिद्ध झालेल्या वृत्तानुसार, लक्ष्यांची माहिती पुरवणाऱ्या माहितीजालावर (डेटा लिंक) काम करणाऱ्या एका नौसैनिकाने येणाऱ्या लक्ष्याची नोंद चुकून ‘मित्र’ अशी केली होती, आणि त्यामुळे क्षेपणास्त्राने स्वतःला नष्ट केले. अशा चाचणीची नोंद ‘अस्त्र अयशस्वी’ अशी केली, तर पुढचा सगळा पैसा अस्त्राच्या सुधारणेवर जातो, आणि नौकेच्या काळोख्या नियंत्रण दालनात पडद्यासमोर बसलेल्या माणसाच्या प्रशिक्षणावर काहीच खर्च होत नाही.