कॉम्प्युटरची मुख्य ड्राइव्ह काढून मोठी कशी बसवायची

सी ड्राइव्हची पट्टी लाल झाली आणि अपडेट उतरवायलाही जागा उरली नाही, की साफसफाईचे उपाय फार तर महिनाभर पुरतात. त्यापेक्षा मोठी ड्राइव्ह बसवलेली बरी. विंडोज, प्रोग्राम, सेटिंग सगळं जसंच्या तसं नव्या ड्राइव्हवर नेता येतं, त्यामुळे पुन्हा काही इन्स्टॉल करत बसावं लागत नाही. स्क्रू फिरवण्याचं काम पंधरा मिनिटांचं आहे. घोळ होतो तो खरेदीआधी नीट न पाहिल्यामुळे आणि कॉपी झाल्यावर घाई केल्यामुळे.

आधी आत काय बसतं ते पाहा

जुन्या कॉम्प्युटरमध्ये ३.५ इंची हार्ड डिस्क किंवा २.५ इंची साटा ड्राइव्ह असते (साटा ही ड्राइव्ह मदरबोर्डला जोडायची जुनी पद्धत). तिला दोन केबली लागतात: डेटाची ७ पिनांची आणि वीजपुरवठ्याची १५ पिनांची. नव्या मदरबोर्डवर रॅमच्या पट्टीसारखी दिसणारी एम.टू ड्राइव्ह थेट बसते. तिच्यावर २२८० लिहिलेलं असेल तर ती २२ मिमी रुंद आणि ८० मिमी लांब.

फसगत होते ती इथे. एम.टू हा फक्त आकार आहे. त्याच आकाराच्या आत साटाही असू शकते आणि एनव्हीएमई ही नवी, वेगवान पद्धतही, आणि प्रत्येक स्लॉट दोन्ही चालवतोच असं नाही. एका खाचेची पट्टी सहसा एनव्हीएमई आणि दोन खाचांची बहुतेक वेळा साटा असते, पण खाचेवर विसंबू नका. मदरबोर्डच्या किंवा लॅपटॉपच्या मॅन्युअलमध्ये त्या स्लॉटपुढे काय लिहिलंय ते वाचा. तिथेच आणखी एक ओळ शोधा: काही बोर्डांवर एम.टू स्लॉट वापरला की एखादा साटा पोर्ट बंद पडतो. मग नवी ड्राइव्ह दिसते आणि जुनी गायब होते, आणि माणूस केबल बदलत बसतो.

साटाचा वेग सेकंदाला साधारण ५५० एमबीला थांबतो. एनव्हीएमई त्याच्या कितीतरी पुढे जाते. पण हार्ड डिस्कवरून येणाऱ्याला साटा एसएसडीनेही (एसएसडी म्हणजे फिरती तबकडी नसलेली, चिपवर डेटा ठेवणारी ड्राइव्ह) कॉम्प्युटर नवा झाल्यासारखा वाटेल. साटाचाच स्लॉट असेल तर निव्वळ वेगासाठी मदरबोर्ड बदलू नये.

आत्ता जेवढा डेटा आहे त्याच्या दुप्पट तरी जागा घ्या. १ टीबीची ड्राइव्ह विंडोजमध्ये ९३१ जीबी दिसते. मोजण्याची पद्धत वेगळी, ड्राइव्ह खोटी नव्हे. मुख्य ड्राइव्हसाठी शक्यतो टीएलसी प्रकारची, म्हणजे चिपच्या एका पेशीत तीन बिट ठेवणारी एसएसडी घ्या. चार बिट ठेवणारी क्यूएलसी स्वस्त पडते, पण मोठी फाइल लिहिताना तिचा कॅश (लिहिण्यासाठीची तात्पुरती वेगवान जागा) भरला की वेग एकदम खाली येतो.

कॉपीच्या आधीची कामं

फोटो, कागदपत्रं, हिशेब यांची वेगळ्या बाहेरच्या डिस्कवर प्रत घ्या. क्लोन, म्हणजे अख्ख्या ड्राइव्हची हुबेहूब प्रत, हा बॅकअप नव्हे. दिशा चुकली तर तोच क्लोन जुना डेटा पुसतो.

क्रिस्टलडिस्कइन्फो या प्रोग्राममध्ये जुन्या ड्राइव्हची तब्येत पाहा. पेंडिंग सेक्टरच्या (नीट वाचता न येणाऱ्या तुकड्यांच्या) ओळीत शून्याखेरीज काही दिसलं तर क्लोन अर्ध्यात अडकण्याची शक्यता मोठी. अशा ड्राइव्हवरून आधी महत्त्वाच्या फाइली काढा, बाकीचं नंतर.

बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन (ड्राइव्हवरचा डेटा कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) चालू असेल तर ते पूर्ण बंद करा आणि डिक्रिप्शन संपेपर्यंत थांबा. त्याची ४८ आकडी रिकव्हरी की आधी कागदावर उतरवून ठेवा. नवी ड्राइव्ह सुरळीत चालली की एन्क्रिप्शन पुन्हा चालू करता येतं.

जुनी ड्राइव्ह एमबीआर या जुन्या विभागणीच्या पद्धतीची असेल तर २ टीबीच्या पुढची जागा वापरता येणार नाही. डिस्क मॅनेजमेंटमध्ये डिस्कच्या प्रॉपर्टीजमधल्या व्हॉल्यूम्स टॅबवर हे कळतं. विंडोज १० च्या १७०३ आवृत्तीपासून एमबीआरचं जीपीटी (नवी पद्धत) करायचं साधन विंडोजमध्येच आहे. ते चालवल्यावर बायोसमध्ये (विंडोजच्या आधी येणाऱ्या कॉम्प्युटरच्या सेटिंगमध्ये) सुरुवातीची लेगसी ही जुनी पद्धत सोडून यूईएफआय ही नवी निवडावी लागते, नाहीतर विंडोज चालू होत नाही.

क्लोन

नवी ड्राइव्ह दुसऱ्या स्लॉटमध्ये लावा किंवा यूएसबीच्या डब्यात घाला. २.५ इंची ड्राइव्ह यूएसबीच्या विजेवर चालते, ३.५ इंचीला वेगळा ॲडॅप्टर लागतो. पोर्ट यूएसबी ३ चाच निवडा. हार्ड डिस्कवरचा ४०० जीबी डेटा सेकंदाला १०० एमबीने तासा-सव्वातासात जातो. यूएसबी २ वर ३५ एमबीने त्याच कामाला तीन तासांहून जास्त लागतात.

अनेक कंपन्या आपल्या ड्राइव्हसोबत क्लोनचा प्रोग्राम मोफत देतात. तो नसेल तर क्लोनझिला हा प्रोग्राम पेनड्राइव्हवरून चालवा. पेनड्राइव्हवरून चालू करण्याआधी विंडोज शिफ्ट दाबून शट डाउन करा. नुसतं शट डाउन केलं तर फास्ट स्टार्टअपमुळे विंडोज अर्धवट झोपलेलं राहतं आणि पार्टिशन (ड्राइव्हचा विभाग) कुलूपबंद दिसतं.

स्रोत कोणता आणि गंतव्य कोणतं, हे ड्राइव्हच्या नंबरावरून ठरवू नका. स्टिकरवरचं मॉडेल आणि आकार पडद्यावरच्या नावाशी जुळवा, मगच होकार द्या. इथे उलट झालं तर रिकामी ड्राइव्ह भरलेल्या ड्राइव्हवर लिहिली जाते आणि ते परत फिरवता येत नाही.

रिकव्हरी पार्टिशनची आडकाठी

क्लोन झाला, कॉम्प्युटर चालू झाला, पण सी ड्राइव्ह जुन्याच आकाराची. डिस्क मॅनेजमेंटमध्ये डावीकडून पाहा: १०० एमबीच्या आसपासचं ईएफआय (विंडोजची सुरुवात जिथून होते ते), मग सी, मग काहीशे एमबीचं रिकव्हरी, आणि सगळ्यात शेवटी काळ्या पट्टीची अनअलोकेटेड (कुठल्याच पार्टिशनला न दिलेली) जागा. सीवर राइट क्लिक केलं की एक्स्टेंड व्हॉल्यूम फिकट दिसतं, कारण विंडोज सीला लागून उजवीकडे असलेलीच जागा जोडतं आणि मध्ये रिकव्हरी उभं आहे.

सोपा उपाय क्लोन करतानाच आहे. प्रोग्राममध्ये पार्टिशनचे आकार बदलायची सोय असेल तर रिकव्हरी शेवटाला सरकवा आणि सी ताणा. ते राहून गेलं तर जीपार्टेड या पार्टिशन हलवणाऱ्या प्रोग्रामच्या पेनड्राइव्हवरून चालू करून आधी रिकव्हरी उजव्या टोकाला हलवा, मग सी वाढवा. हे चालू असताना वीज जाता कामा नये; लॅपटॉप चार्जरला लावूनच ठेवा. रिकव्हरी पार्टिशन डिलीट करायचा सल्ला सर्रास दिला जातो, पण विंडोज बिघडलं की दुरुस्तीचा पडदा तिथूनच येतो. काही सेकंद वाचवण्यासाठी तो गमावू नये.

बसवणं आणि पहिली सुरुवात

मेन स्विच बंद करा, वायर काढा, पॉवर बटण दहा सेकंद दाबून धरा. लॅपटॉपमध्ये बॅटरीची केबल सोडवा. कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावून मग ड्राइव्ह हातात घ्या.

एम.टू पट्टी तिरकी, साधारण ३० अंशात, सरकवा. सोडली की ती जराशी वर उभी राहते. ते बरोबर आहे. खाली दाबून बारीक स्क्रू लावा, पण पिळू नका. खालचा स्टँडऑफ (स्क्रू बसतो तो छोटा खांब) ८० मिमीच्या भोकात नसेल तर पट्टी वाकते. हीटसिंकच्या (उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या पट्टीच्या) पॅडवरची पारदर्शक फिल्म काढायला विसरू नका. साटा ड्राइव्हला वीज पॉवर सप्लायच्या स्वतःच्या केबलवरून द्या. मोलेक्स या जुन्या वीज कनेक्टरवरून साटा करणारे ओतीव प्लास्टिकचे स्वस्त कनेक्टर आत शॉर्ट होऊन जळू शकतात.

पहिल्यांदा चालू करताना जुनी ड्राइव्ह काढलेली हवी. दोन्ही लावल्या तर विंडोज जुनीवरूनच चालू होऊ शकतं आणि सगळं ठीक आहे असा भास होतो. दोघींची डिस्क सिग्नेचर (ओळख क्रमांक) एकच असेल तर एक ऑफलाइनही दाखवली जाते.

चालू झालंच नाही तर बायोसमध्ये जाऊन नव्या ड्राइव्हचा विंडोज बूट मॅनेजर पहिला आहे का ते पाहा. तिथली साटा मोड ही सेटिंग बदलू नका. साटावरून एनव्हीएमईवर आल्यावर निळ्या पडद्यावर इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस आलं, तर दोन-तीन फसलेल्या सुरुवातींनंतर येणाऱ्या दुरुस्तीच्या पडद्यावरून ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज असं जाऊन एकदा सेफ मोडमध्ये चालू करा. एनव्हीएमईचा ड्रायव्हर बहुधा तिथे जागा होतो, मग साधं रीस्टार्ट पुरतं. डब्यात घालून केलेला क्लोन आत बसवल्यावर ओळखलाच जात नसेल, तर डबा सेक्टरचा आकार बदलून दाखवत असावा. क्लोन पुन्हा करा, यावेळी ड्राइव्ह थेट बोर्डाला लावून.

विंडोज मुळातच रडतखडत चालत असेल तर क्लोन करूच नका, तेच दुखणं नव्या ड्राइव्हवर जाईल. किमान ८ जीबीच्या पेनड्राइव्हवरून नव्याने इन्स्टॉल करा आणि त्यावेळी फक्त नवी ड्राइव्ह लावा. जुनी सोबत असली तर ईएफआय पार्टिशन तिच्यावरच राहू शकतं, आणि पुढे तिला काढलं की कॉम्प्युटर चालूच होत नाही.

जुनी ड्राइव्ह

महिनाभर तिला हात लावू नका. एखादा फोल्डर, एखादा जुना ईमेलचा साठा नव्या ड्राइव्हवर नाही, हे दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात लक्षात येतं. त्यानंतर ती डेटासाठी परत लावायची असेल तर यूएसबीवरून जोडून तिचे सगळे पार्टिशन काढा आणि नव्याने फॉरमॅट करा. दुसऱ्याला द्यायची असेल तर क्विक फॉरमॅट पुरत नाही. हार्ड डिस्कला पूर्ण फॉरमॅट करा, एसएसडीला बायोसमधलं किंवा कंपनीच्या प्रोग्राममधलं सिक्युअर इरेज चालवा.