लाडवाच्या डब्याला कुलूप लावण्याआधी: चोरून खाण्याबाबत या चुका टाळा

आमच्या बेळगावच्या शहापुरातल्या घरात पहिली ‘चोरी’ मुंग्यांनी पकडून दिली. गादी उचलली तर भिंतीकडेला कुंद्याचा (आमच्याकडची दुधाची मिठाई) कागद, अर्धी वाळलेली चपाती, शाळेत मिळालेली चिक्की आणि चार मऊ पडलेली बिस्किटं. पुतण्या नऊ वर्षांचा. आईच्या आजारपणात सहा महिने या नातेवाइकाकडून त्या नातेवाइकाकडे राहून आलेला. मी ते सगळं परातीत मांडलं आणि सगळ्यांसमोर विचारलं, “तुला घरात कोण उपाशी ठेवायलंय रे?” पोरगं गप्प. पंधरा दिवस गादीखाली काही सापडलं नाही, मला वाटलं सुटलं. मग छत्री काढायला माळ्यावर चढलो, तर बुटांच्या खोक्यात तोच ऐवज, आता प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट गाठ मारून.

साठवणं म्हणजे हावरटपणा, असं धरून चालणं

साठवणारं मूल पुष्कळदा ते खातही नाही. आपल्याजवळ आहे एवढाच त्याला आधार असतो. मोठ्यांचंही तेच होतं. १९४४-४५ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात ३६ धडधाकट तरुणांना सुमारे सहा महिने अर्धपोटी ठेवून अभ्यास केला गेला. ही माणसं स्वयंपाकाची पुस्तकं जमवायला लागली, ताटातला घास तासभर पुरवायला लागली. पुढे पोटभर मिळू लागल्यावरही काहींची खा-खा कित्येक महिने शमली नाही. ऊसतोडीला निपाणी-चिकोडीकडे येणाऱ्या कुटुंबातलं, वसतिगृहातलं किंवा घरोघर फिरलेलं मूल असंच भाकरी उशाशी ठेवत असेल, तर त्याला ‘अधाशी’ म्हणण्याआधी त्याचं मागचं वर्ष कसं गेलं ते आठवा. आणि कधी कधी दप्तरातली चिक्की घरच्या धाकट्या बहिणीसाठी असते. विचारल्याशिवाय कळत नाही.

कुलूप, झडती आणि हेर

सगळ्यात मोठी चूक ही. लहान मुलांवरच्या प्रयोगांत दिसलंय, की समोर दिसणारा पण हात लावू न दिलेला खाऊ त्यांना जास्तच हवासा वाटतो. फडताळाला कुलूप लागलं की पोरगं किल्ली शोधतं. धाकट्याला ‘दादावर लक्ष ठेव’ म्हणून सांगितलं, तर दोघांतलं भांडण वर येतं ते वेगळंच.

आमच्याकडे काय चाललं ते सांगतो. जेवणाच्या आणि मधल्या खाण्याच्या वेळा ठरवल्या, आणि त्या चुकवल्या नाहीत. गोड हे बक्षीस राहिलं नाही. कुंदा आणला की सगळ्यांच्या ताटात एकेक चमचा, अभ्यास झालेला असो वा नसो. काय, कधी आणि कुठे हे मोठ्यांनी ठरवायचं, किती खायचं हे मुलानं. मुख्य म्हणजे त्याला झाकण घट्ट बसणारा स्टीलचा डबा दिला: चिक्की, शेंगदाणे, खारका. “हा तुझा. संपला की सांग, मी भरतो.” पहिल्या आठवड्यात तो तीनदा भरला. ओलं किंवा बुरशी आलेलं काही सापडलं तर मी गुपचूप टाकतो, भाषण देत नाही.

‘सून चोरून खाते’

हे वाक्य आपल्या गल्ल्यांत अजून ऐकू येतं. सगळ्यांना वाढून झाल्यावर तिच्यासाठी आमटीचा तळ उरतो, मग दुपारी ती दाराआड उभ्यानं दोन लाडू खाते. तिला बोलण्याआधी तिचं ताट बघा, आणि उद्यापासून तिला सगळ्यांबरोबर बसवा.

पोटभर मिळत असूनही कुणी एकांतात भराभर, पोट दुखेपर्यंत खात असेल, मधे थांबताच येत नसेल, नंतर स्वतःची किळस वाटत असेल आणि आठवड्यातून एकदा तरी असं तीन महिने चाललं असेल, तर तो आजार असू शकतो. त्यावर उपचार आहेत. ‘उद्यापासून कडक उपवास’ हा उपचार नव्हे. दिवसभर कोरडं राहिलं की रात्री भूक उसळते. खाऊन मुद्दाम उलटी काढणारी व्यक्ती दिसली तर डॉक्टरांकडे जायला उशीर करू नका.

सगळं मनाचंच समजणं

भूक फार, तहान फार, सारखी लघवी आणि तरी वजन उतरतंय: मुलाची रक्तातली साखर आजच तपासा. माती, खडू, कच्चे तांदूळ खात असेल तर हिमोग्लोबिन बघा. स्टेरॉइडच्या गोळ्यांनीही भूक वाढते. स्मृतिभ्रंश झालेले आजोबा जेवल्याचं विसरून खिशात पोळी ठेवतात, त्यांच्याशी वाद घालून उपयोग नाही. आणि प्रॅडर-विली नावाच्या जन्मजात विकारात पोट भरल्याची जाणीवच नीट होत नाही. तिथे मात्र कुलूप लागतं, तेही डॉक्टरांच्या सल्ल्यानं.

बोलायला कुणी हवं असेल तर टेली-मानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन, १४४१६. फोन मोफत आहे, चोवीस तास लागतो, भाषा निवडता येते. आपल्याला जवळची मोठी जागा म्हणजे धारवाडची डिमहान्स, मानसिक आजारांवर उपचार करणारी संस्था.

गेल्या गणपतीत साफसफाई करताना त्याचा तो डबा उघडला. खारकांना वास लागला होता, कित्येक दिवसांत कुणी हात लावलेला दिसत नव्हता. “टाकू काय रे हे?” म्हटलं.

“ते टाका. डबा ऱ्हाऊ दे की काका.”