चिनी मिटन खेकड्याचा जीनोम करायला घेताय? आधी दुप्पट प्रतींकडे बघा

इरिओचेर सायनेन्सिस, म्हणजे चिनी मिटन खेकडा, वाढतो गोड्या पाण्यात. यांगत्से खोऱ्यातल्या तळ्यांत आणि शेततळ्यांत त्याची शेती होते आणि चीनमधलं उत्पादन वर्षाला ७ लाख टनांच्या वर जातं. पण अंडी घालायला त्याला खाडीचं मचूळ पाणीच लागतं. पिल्लं झोइआच्या, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या अळीच्या, पाच अवस्था खाऱ्या पाण्यात काढतात, मग मेगालोपा, म्हणजे खेकडा होण्याआधीची शेवटची अळी, होतात आणि तेव्हा कुठे गोड्या पाण्याकडे वळतात. मेगालोपाचं पोट मागे सरळ पसरलेलं असतं. पुढच्या कात टाकण्यात ते दुमडून छातीखाली जातं आणि खेकड्याचा आकार येतो. क्षारसंतुलन आणि पोट दुमडणं, उत्क्रांतीचे हे दोन मोठे प्रश्न एकाच प्राण्यात हाताशी येतात. म्हणून विद्यार्थी याच्याकडे ओढले जातात, आणि ते योग्यच आहे.

पण हा जीनोम, म्हणजे डीएनएचा सगळा संच, सोपा नाही. गुणसूत्रं ७३ जोड्या, बहुतेक लहान. पुनरावृत्तीचे पट्टे भरपूर, आणि आईकडून व बापाकडून आलेल्या प्रतींमध्ये फरकही भरपूर. २०१६ सालचा पहिला मसुदा छोट्या रीड्सवर, म्हणजे यंत्राने वाचलेल्या डीएनएच्या छोट्या तुकड्यांवर, बांधलेला होता. तो सुमारे १.१२ गिगाबेसचा (एक गिगाबेस म्हणजे डीएनएची शंभर कोटी अक्षरं), म्हणजे अंदाजित जीनोमच्या दोन-तृतीयांशच भरला. लांब रीड्स आल्यावर चित्र खूप सुधारलं, तरी त्यांनी एक नवा धोकाही आणला. त्याबद्दल पुढे सविस्तर लिहितो, कारण नवख्यांचे महिनेच्या महिने तिथेच जातात.

आधी नमुना. खेकडा ज्या हॅचरीतून आला तिथल्या बीजाचं मूळ लिहून घ्या. यांगत्से, ल्याओ आणि ओउ नदीच्या समूहांची शेतीत सरमिसळ झालेली आहे. शिवाय ‘चांगजियांग १’सारखे निवडपद्धतीने तयार केलेले वाणही बाजारात आहेत. उत्क्रांतीचा प्रश्न विचारायचा आणि वंशच माहीत नाही, असं चालत नाही. नर घ्या. लिंकेज नकाशांवरून, म्हणजे कोणती जनुकं एकत्र वारशाने जातात त्यावरून काढलेल्या नकाशांवरून, या जातीत मादीत झेड आणि डब्ल्यू अशी दोन वेगळी लिंगगुणसूत्रं आणि नरात दोन्ही झेड दिसतात, त्यामुळे नरात लिंगगुणसूत्राची वेगळी भानगड राहत नाही. खेकडा एक-दोन दिवस स्वच्छ पाण्यात उपाशी ठेवा, मग बर्फाच्या पाण्यात बधिर करा.

ऊतक नांगीतल्या किंवा पायातल्या स्नायूचंच घ्या. यकृत-स्वादुपिंडाचा पिवळा गोळा मोठा आणि सहज हाती येणारा म्हणून मोह होतो. तो टाळा. त्यात पचनाची विकरं असतात, ती डीएनएचे बघता बघता तुकडे करतात, आणि मायक्रोस्पोरिडिया परजीवींचं घरही तेच. कल्ल्यांवर जिवाणूंचा थर असतो. रक्तद्रव हवेत काळा पडतो, आणि कंपरोगाचा जिवाणू स्पायरोप्लाझ्मा रक्तपेशींतच राहतो. तो तुमच्या असेंब्लीत, म्हणजे रीड्स जोडून बांधलेल्या जीनोममध्ये, आला तर सुमारे ३० टक्के जीसीचे (जी आणि सी ही डीएनएची अक्षरं) काँटिग्ज, म्हणजे जोडलेले सलग तुकडे, वेगळे उठून दिसतात. ते काढल्याशिवाय ‘जिवाणूकडून आलेलं जनुक सापडलं’ असं कुणाला सांगायला जाऊ नका.

डीएनए काढताना स्नायू द्रव नायट्रोजनमध्ये खलून पूड करा. पूड वितळू न देता थेट गरम बफरमध्ये घाला. प्रोटिनेज के ५५ अंशांच्या आसपास, मग आरएनेज, मग फिनॉल-क्लोरोफॉर्म. व्हॉर्टेक्स अजिबात नाही, नळी हाताने हळू उलटीपालटी करायची, पिपेटची टोकं रुंद तोंडाची घ्यायची. क्युबिट आणि नॅनोड्रॉप या डीएनए मोजणाऱ्या यंत्रांचे आकडे जवळपास जुळले पाहिजेत. नॅनोड्रॉप दुप्पट दाखवत असेल तर आरएनए किंवा शर्करा शिल्लक आहे. २६०/२३० हे शुद्धतेचं गुणोत्तर दोनच्या खूप खाली असेल तर पुन्हा शुद्ध करा, तसाच पाठवू नका. पल्स्ड-फील्ड जेलवर मुख्य पट्टा ४० किलोबेसच्या वर हवा, कारण हायफाय (अचूक लांब रीड्स) लायब्ररीसाठी, म्हणजे सिक्वेन्सिंगला तयार करायच्या डीएनएसाठी, तो पुढे १५ ते २० किलोबेसला तोडायचाच असतो. हातात १० मायक्रोग्रॅम असले की निर्धास्त राहता येतं. हे पहिल्या खेपेला क्वचितच जमतं. चौथ्या खेपेला हात बसतो, काळजी करू नका.

सिक्वेन्सिंग एवढं करा: हायफाय ३५ पट (प्रत्येक जागा सरासरी ३५ वेळा वाचणं), हाय-सी, म्हणजे पेशीत कोणते डीएनए पट्टे जवळजवळ आहेत ते दाखवणारी पद्धत, ६० पट, आणि आरएनएसाठी झोइआ, मेगालोपा, पहिला खेकडा आणि प्रौढाची पाच-सहा ऊतकं. पैसे कमी असतील तर हाय-सी थोडं कमी करा, मेगालोपाचं आरएनए सोडू नका. पोट दुमडण्याचा प्रश्न त्याच्याशिवाय विचारताच येत नाही.

आता तो धोका. असेंब्ली करणारा प्रोग्राम (इथे हायफायअॅझम) एकाच जागेच्या दोन प्रती, आईची आणि बापाची, ओळखून एकत्र ठेवतो. फरक थोडा असेल तर हे जमतं. या खेकड्यात काही पट्ट्यांमध्ये फरक इतका असतो की प्रोग्रामला त्या दोन वेगळ्या जागा वाटतात आणि तो दोन्ही मुख्य असेंब्लीत ठेवतो. एकाच शेताचे दोन भावांच्या नावाने दोन सातबारे निघावेत आणि गावाचं क्षेत्रफळ कागदावर वाढावं, तसं हे आहे. या उपऱ्या प्रतींना हॅप्लोटिग म्हणतात.

नुकसान कुठे होतं ते बघा. जनुकांची संख्या फुगते. ऑर्थोफाइंडर (जनुक-कुटुंबं शोधणारा प्रोग्राम) आणि कॅफे (त्यांची वाढ-घट मोजणारा) चालवलं की ‘या वंशात शंभर जनुक-कुटुंबं विस्तारली’ असा तक्ता येतो. त्यात सोडियम-पोटॅशियम एटीपेज, कार्बॉनिक अॅनहायड्रेज अशी क्षारसंतुलनाच्या विकरांची नावं दिसली की मन लगेच म्हणतं, हेच ते, गोड्या पाण्याशी जुळवून घेणं! प्रतींमधला केएस, म्हणजे प्रथिन न बदलणाऱ्या फरकांचा दर, शून्याला चिकटलेला असतो, मग ‘अलीकडचं द्विगुणन’, म्हणजे जनुकाची नुकतीच दुसरी प्रत झाली, अशी कथाही तयार होते. सगळं सुसंगत दिसतं, आणि सगळं खोटं असू शकतं.

तपासणी अशी करा. असेंब्लीच्या आधी २१ च्या के-मरचा, म्हणजे २१ अक्षरी तुकडे किती-किती वेळा येतात त्याचा, आलेख काढा आणि जीनोमस्कोप या प्रोग्राममध्ये बघा. दोन शिखरं दिसतील. समजा एक १८ वर आणि एक ३६ वर. १८ चं शिखर हे फरक असलेल्या जागांचं, ३६ चं दोन्ही प्रती सारख्या असलेल्या जागांचं. फरक फार असला की डावं शिखर उजव्यापेक्षा उंच होतं आणि प्रोग्राम डाव्यालाच मुख्य समजतो. हायफायअॅझमच्या लॉगमध्ये होमोझायगस कव्हरेजचा, म्हणजे दोन्ही प्रती सारख्या असलेल्या जागा किती वेळा वाचल्या त्याचा, आकडा छापलेला असतो. तो १८ असेल तर थांबा. हॉम-कव्ह हा पर्याय ३६ देऊन पुन्हा चालवा. बऱ्याच वेळा एवढ्यानेच असेंब्लीचा आकार ताळ्यावर येतो. लॉग वाचणारे लोक फार थोडे आहेत, तुम्ही त्यांतले व्हा.

त्यानंतर बुस्को, म्हणजे बहुतेक जातींत एकेकच असणारी जनुकं असेंब्लीत शोधणारी तपासणी. आर्थ्रोपोडाच्या (संधिपाद प्राण्यांच्या) ओडीबी१० संचात १,०१३ जनुकं असतात. ‘पूर्ण’चा टक्का बघून खूश होऊ नका, ‘दुप्पट’चा टक्का बघा. दोन-तीन टक्के असेल तर ठीक, दहाच्या वर गेला तर हॅप्लोटिग आहेत असंच धरून चला. मर्क्युरी या के-मरवरून असेंब्ली तपासणाऱ्या प्रोग्रामच्या आलेखात ३६ च्या शिखराखाली निळा रंग, म्हणजे दोन प्रती, दिसायला नको. उरलेलं पर्ज-डप्स या प्रोग्रामने काढा, पण त्याची कापायची मर्यादा आपोआप ठरवू देऊ नका, खोलीचा, म्हणजे जागा किती वेळा वाचली त्याचा, आलेख बघून हाताने द्या. मर्यादा जास्त ठेवली तर खऱ्या दुप्पट झालेल्या प्रतीही उडतात, आणि मग उरलेल्या एका प्रतीवर खोली ७२ दिसते.

हे सगळं हाय-सीने गुणसूत्रं जोडण्याआधी. नंतर नाही. हॅप्लोटिग आत राहिले की गुणसूत्रं जोडणारा याह्स प्रोग्राम त्यांना शेजारी-शेजारी बसवतो आणि जूसबॉक्स प्रोग्रामने दाखवलेल्या हाय-सी नकाशात मुख्य कर्णाला समांतर बारीक रेघा दिसतात. त्या रेघा दिसल्या तर नकाशा हाताने ओढत बसू नका, मागे जा. शेवटी ७३ चौकोन, प्रत्येक गुणसूत्राचा एक, दिसायला हवेत. ७१ किंवा ७५ आले म्हणून घाबरू नका, लहान गुणसूत्रांत असं होतं आणि हाताने दुरुस्त करता येतं.

‘विस्तारलेलं’ प्रत्येक कुटुंब लेखात घालण्याआधी त्यातल्या प्रत्येक प्रतीवर रीड्सची खोली मोजा. दोन्ही प्रतींवर पूर्ण ३६ असेल तर द्विगुणन खरं. दोन्हींवर १८ असेल तर ती एकच जागा. अर्ध्या दिवसाचं काम आहे, आणि यापुढे कुठलाही परीक्षक तुम्हाला हलवू शकत नाही. तुलनेसाठी घेतलेल्या जातींचं, मग तो पोर्ट्युनस खेकडा असो, सायला खेकडा असो की पांढरी कोळंबी, जनुक-शोधन त्याच पद्धतीने पुन्हा करा. तयार फाइली वेगवेगळ्या पद्धतींच्या असतात आणि त्यांतला फरक उत्क्रांती म्हणून मोजला जातो.

कंपनीला सगळं देऊन अहवाल घेण्याबद्दल माझं मत ठाम आहे: सिक्वेन्सिंग जरूर बाहेर द्या, असेंब्ली देऊ नका. त्यांच्या अहवालात एन५० (तुकड्यांच्या लांबीचं माप) आणि ‘पूर्ण’ बुस्को ठळक असतात, के-मरचा आलेख परिशिष्टात असतो किंवा नसतोच. मार्गदर्शक निवडताना त्यांच्या लेखांची यादी बघू नका. तुमच्यासोबत बसून एक आलेख अर्धा तास बघणारा माणूस आहे का, ते बघा. असा माणूस विभागात नसेल तर दुसऱ्या विभागात शोधा, सापडतो.

सह्याद्रीतल्या गोड्या पाण्याच्या खेकड्यांवर काम करू पाहणाऱ्यांसाठी थोडं. त्यांची शेती होत नाही, पण उत्क्रांतीचा प्रश्न उलट बाजूने तिथेच आहे. त्यांना झोइआ अवस्थाच नाही, अंड्यातून थेट छोटा खेकडा बाहेर येतो, समुद्राशी संबंध पूर्ण तुटलेला. मिटन खेकड्याशी तुलना म्हणूनच मोलाची. लहान जातींत एका खेकड्याचा स्नायू अपुरा पडतो, तेव्हा दोन-तीन खेकडे एकत्र करू नका. वरचा सगळा गोंधळ चौपट होईल. कमी डीएनएची लायब्ररी पद्धत निवडा. आणि नमुना किंवा डीएनए परदेशी प्रयोगशाळेत पाठवायचा असेल तर २००२ च्या जैवविविधता कायद्याखाली चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची परवानगी लागते. तो अर्ज नमुना गोळा करण्याआधी टाका.