स्कूबा डायव्हिंगचे सामान वाहण्यासाठी गाडी कशी निवडावी

मालवण किंवा मुरुडेश्वरला स्वतःचे डायव्हिंगचे सामान घेऊन जाणारी मंडळी नवी गाडी पाहताना बहुधा डिकी किती लिटरची आहे, हे आधी विचारतात. माझ्या मते हा प्रश्न तिसऱ्या क्रमांकाचा आहे. पहिला प्रश्न वजनाचा आणि दुसरा खाऱ्या पाण्याचा, कारण हे सामान दिसते त्यापेक्षा बरेच जड असते आणि परतीच्या प्रवासात सगळे ओले असते.

वजनाचा हिशेब आधी कागदावर मांडावा. सर्रास वापरला जाणारा ११ लिटरचा ॲल्युमिनियमचा सिलिंडर रिकामा सुमारे १४ किलो भरतो आणि २०० बार दाबाने हवा भरली की १७ किलोंच्या आसपास जातो. पाण्याखाली जाता यावे म्हणून कमरेच्या पट्ट्यात घालायचे शिसे ६ किलो, तर बीसीडी (हवा भरून तरंगणे सांभाळणारे जाकीट), रेग्युलेटर (सिलिंडरमधली हवा श्वासासाठी तोंडाशी देणारे उपकरण), वेटसूट, फिन आणि मास्क मिळून १० ते १२ किलो धरावेत. प्रत्येकी दोन सिलिंडर घेतले तर एका माणसामागे ५० किलो, म्हणजे चौघांचे २०० किलो सामान होते. त्यात चार माणसांचे ३०० किलो मिळवले की कपडे आणि पिण्याचे पाणी धरण्याआधीच आकडा ५०० वर पोहोचतो. गाडीसोबत मिळणाऱ्या माहितीपुस्तिकेत गाडीचे रिकामे वजन आणि माणसे-सामानासह चालणारे कमाल वजन दिलेले असते. त्या दोहोंची वजाबाकी हीच गाडीची खरी क्षमता. छोट्या हॅचबॅकमध्ये ही वजाबाकी सहसा ५०० च्या आत येते, त्यामुळे डिकीत जागा शिल्लक दिसली तरी गाडी वजनाने भरलेली असते. अशी गाडी घाट उतरताना ब्रेकवर किती ताण घेते, हे ज्याने अनुभवले आहे त्याला वेगळे सांगायला नको.

म्हणून गाडी ठरवण्याआधी सिलिंडर खरोखर न्यायचेच आहेत का, हे ठरवावे. ज्या केंद्राबरोबर पाण्यात उतरायचे आहे तिथेच सिलिंडर आणि शिसे मिळणार असेल, तर वरच्या हिशेबातले माणशी ४० किलो एकदम कमी होतात आणि घरातली साधी गाडीही पुरते. शक्य असेल तिथे मी हाच मार्ग सुचवीन.

सिलिंडर न्यायचेच असतील तर ते बांधता येतील अशी गाडी हवी, आणि या बाबतीत तडजोड करू नये. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी आदळून थांबली, तर मोकळा सिलिंडर पुढच्या माणसावर १४ मीटर उंचीवरून पडल्याच्या जोराने येतो. डिकीच्या तळाशी किंवा बाजूंना पक्क्या लोखंडी कड्या आहेत का, हे हात घालून पाहावे. प्लास्टिकचे हुक पिशव्या टांगण्यासाठी असतात. सिलिंडर आडवे, गाडीच्या रुंदीला समांतर, मागच्या सीटच्या पाठीला टेकवून ठेवावेत, रॅचेट पट्ट्याने आवळावेत आणि एकमेकांवर आपटू नयेत म्हणून मध्ये रबराचे तुकडे घालावेत. २०१६ च्या गॅस सिलिंडर नियमांनुसार भरलेला सिलिंडर दुचाकीवरून नेता येत नाही, तो ज्वलनशील पदार्थांसोबतही ठेवता येत नाही. होडीच्या इंजिनासाठी पेट्रोलचा कॅन त्याच डिकीत ठेवणे त्यामुळे पूर्णपणे चुकीचे आहे. टपावरच्या कॅरिअरवर सिलिंडर कधीही चढवू नयेत. गाडी वरून जड होऊन वळणावर झुकते आणि सिलिंडर उन्हात तापतो. तापमान २७ अंशांवरून ५७ अंशांवर गेले की आतला दाब दहा टक्क्यांनी वाढतो.

आता खाऱ्या पाण्याकडे येऊ. माझ्या पहिल्या गाडीच्या मागच्या सीटचे बोल्ट दोन हंगामांत गंजून धरले, तेव्हा डिकीतल्या कापडी गालिच्याखाली किती पाणी मुरते ते मला कळले. त्यानंतर मी प्रत्येक गाडीचा गालिचा उचलून खालचा पत्रा पाहतो. तळ सपाट असावा, त्यावर उभ्या कडांचा रबरी ट्रे बसावा आणि त्यात मासळी बाजारात मिळतात तसे प्लास्टिकचे क्रेट शेजारी शेजारी मावावेत. स्टेपनी कुठे आहे, हेही विचारावे. सेडान आणि हॅचबॅकमध्ये ती बहुधा डिकीच्या तळाखाली असते. म्हणजे खारे पाणी झिरपून तिच्या खोबणीत साचते आणि पंक्चर झाले तर भर रस्त्यात सगळे सिलिंडर उतरवावे लागतात. अर्टिगा किंवा इनोव्हा क्रिस्टासारख्या गाड्यांत ती बाहेरून, गाडीच्या पोटाखाली असते, हा मोठा फायदा आहे.

प्रत्यक्ष गाड्यांबद्दल बोलायचे तर चौघांसाठी तिसरी रांग आडवी करता येणारी गाडी मला सर्वांत सोयीची वाटते. अर्टिगाची डिकी तिसरी रांग उभी असताना २०९ लिटरची, तर ती पाडल्यावर ५५० लिटरची होते. मात्र तिच्या सीएनजी प्रकारात टाकी डिकीतच बसते, तेव्हा तो प्रकार या कामासाठी टाळावा. दोघांचेच सामान असेल आणि लांबचा प्रवास नसेल, तर सरकत्या दारांची ईको कमी पैशांत भागवते. हायलक्स किंवा व्ही-क्रॉससारख्या पिकअपचा मागचा हौदा पाइपने धुता येतो आणि ओला वास आत येत नाही, पण ही गाडी लांब असते आणि मालवणच्या बाजारपेठेतल्या अरुंद रस्त्यांवर वळवताना जड जाते. केवळ किनाऱ्यासाठी फोर-व्हील-ड्राइव्ह घेण्याचे कारण मला दिसत नाही. धक्क्यापर्यंत रस्ता असतो आणि वाळूवर गाडी नेऊच नये, कारण सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात.

कोल्हापूरकडून येणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. परतीच्या वाटेवरची आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटर उंच आहे आणि पाण्यातून वर आल्यावर ६०० मीटरच्या वर चढणे हे विमानप्रवासासारखेच मानले जाते, कारण उंचावर हवेचा दाब कमी झाल्याने अंगात मुरलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होऊ शकतात. एका साध्या डुबकीनंतर किमान १२ तास आणि अनेक डुबक्यांनंतर १८ तास खाली थांबावे लागते. म्हणजे ओले सामान रात्रभर गाडीत राहणार. त्यासाठी मागच्या खिडक्या थोड्या उघडता येतील अशी गाडी पाहावी आणि सामान गोड्या पाण्याने धुण्यासाठी २० लिटरच्या जारची जागा हिशेबात धरावी.

शोरूममध्ये जाताना एक रिकामा सिलिंडर, एक क्रेट आणि मोजपट्टी सोबत न्यावी. सिलिंडर स्वतः उचलून डिकीत ठेवावा आणि दहा वेळा ठेव-काढ करून पाहावे. डिकीचा काठ मांडीच्या वर येत असेल, तर दिवसभर पाण्यात थकलेल्या पाठीला ते जमणार नाही. मग मागचे दार लावून ते व्हॉल्व्हला घासत नाही ना, हे तपासावे आणि त्यानंतरच किमतीचे बोलणे सुरू करावे.