जिन्याजवळची लाल डबी: दाबायची कशी, पॅनलवर वाचायची कशी

उंच इमारतीत राहत असाल तर मजल्यावर जिन्याच्या दाराशी किंवा लिफ्टच्या लॉबीत एक लाल चौकोनी डबी रोज तुमच्या नजरेस पडत असेल. कागदपत्रांत तिचा उल्लेख ‘मोएफा’ असा असतो, मेन्टेनन्सची माणसं ‘एमसीपी’ म्हणतात आणि बाकी सगळे ‘फायरची डबी’. ती दाबली की हूटर वाजतो, एवढं बहुतेकांना माहीत असतं. पण त्याच क्षणी खाली सिक्युरिटी केबिनमधल्या पॅनलवर ती डबी कुठल्या विंगची, कुठल्या मजल्याची हेही उमटतं. नुसत्या हूटरने इमारत जागी होते. मदत योग्य मजल्यावर पोचते ती पॅनलवरच्या त्या एका ओळीमुळे. आणि नेमकी तीच ओळ बऱ्याच सोसायट्यांत कुणाला वाचता येत नाही. म्हणून या लेखात डबीइतकीच जागा पॅनलला दिली आहे.

पायरी १: आपल्या मजल्यावरची डबी आजच बघून ठेवा

डब्या साधारण दोन प्रकारच्या असतात. जुन्या डबीत पातळ काच असते. ती काच आतला स्विच दाबून धरते. काच फुटली की स्विच सुटतो आणि पॅनलकडे इशारा जातो. शेजारी साखळीला छोटी हातोडी लटकवलेली असते, म्हणजे असायला हवी. ती जागेवर नसेल तर घाबरू नका, चावी किंवा मोबाइलच्या कोपऱ्याने काच फुटते. नव्या डबीत काचेऐवजी प्लास्टिकची पट्टी असते. अंगठ्याने मधोमध जोरात दाबली की ती आत सरकते आणि तिथेच अडकून राहते. नंतर छोटी चावी घालून ती पूर्ववत करता येते. लहान मुलांच्या हातून दाबली जाऊ नये म्हणून काही ठिकाणी वर पारदर्शक झाकण असतं, ते आधी उचलायचं.

काही इमारतींत डबीशेजारी जाळीचा स्पीकर आणि एक बटण असलेला ‘टॉकबॅक’ असतो. त्यातून थेट केबिनशी बोलता येतं. तुमच्याकडे तो असेल तर एकदा बटण दाबून बघा, पलीकडून कुणी उत्तर देतं का.

डबीसमोर शू-रॅक, सायकल किंवा कुंडी असेल तर ती आजच हलवा. धुरात माणूस भिंत चाचपत चालतो.

पायरी २: आग दिसली तर हा क्रम

घरातल्यांना हाक मारा, बाहेर काढा आणि मागे दार ओढून घ्या, पण कुलूप लावू नका. बंद दारामुळे धूर आणि आग बराच वेळ घरात अडकून राहते. बाहेर पडताना वाटेतली डबी दाबा. दाबू की नको, लोक काय म्हणतील, असा विचार करत उभं राहू नका; इशारा खोटा ठरला तर रीसेट करायला मिनिटभर लागतो.

आपल्याच मजल्यावरची डबी दाबा. हे सांगावं लागतं, कारण घाबरलेला माणूस आधी धावतो आणि तीन-चार मजले उतरल्यावर त्याला डबी आठवते. पॅनलला आग दिसत नसते, त्याला फक्त दाबलेली डबी दिसते. आग अकराव्या मजल्यावर आणि डबी दाबली सातव्यावरची, तर माणसं सातव्यावर जाणार. खालची डबी दाबावी लागलीच, तर केबिनमध्ये पोचून किंवा फोन करून खरा मजला सांगा.

मग १०१ ला फोन. हा फोन टाळू नका. डबी दाबली की अग्निशमन दलाला आपोआप कळतं, असा मोठा गैरसमज आहे. नेहमीच्या निवासी सोसायटीत इशारा केबिनपर्यंत जातो आणि तिथेच थांबतो. पुढचा फोन माणसालाच करावा लागतो. १०१ लागत नसेल तर ११२ लावा. फोनवर इमारतीचं नाव, विंग, मजला, जवळची ओळखीची खूण, काय जळतंय आणि कुणी अडकलंय का, एवढं सांगा. गाडी कुठल्या गेटने आत येऊ शकते तेही सांगा. मुंबई-पुण्यात दुसरं गेट कुलूपबंद असतं आणि पहिल्यापाशी दोन्ही बाजूंनी गाड्या लावलेल्या असतात.

खाली उतरायचं ते जिन्याने, लिफ्टने नाही. आग आपल्या घरात नसेल आणि जिन्यातच दाट धूर असेल तर घरात परत जाऊन दाराच्या फटीत ओले टॉवेल कोंबा आणि रस्त्याच्या बाजूच्या खिडकीत उभे राहा. कुठल्या फ्लॅटमध्ये आहात ते फोनवर कळवा.

पायरी ३: केबिनमधलं पॅनल वाचणं

ही पायरी वॉचमन, सुपरवायझर आणि कमिटीतल्या निदान दोघा-तिघांसाठी. इतरांनीही वाचावी, कारण रात्री तीन वाजता केबिनमध्ये कोण असेल ते कुणी सांगावं?

पॅनल दोन जातींची असतात. साध्या पॅनलवर ‘झोन’चे दिवे असतात आणि एक झोन म्हणजे बहुधा एक मजला किंवा मजल्याचा एक भाग. चौथा लाल दिवा लागला म्हणजे चौथ्या झोनमधली कुठली तरी डबी किंवा धुराचा डिटेक्टर बोलला. नेमका कुठला, ते तिथे जाऊनच शोधावं लागतं. दुसऱ्या जातीला ‘अ‍ॅड्रेसेबल’ म्हणतात. यात प्रत्येक डबीला आणि डिटेक्टरला स्वतःचा क्रमांक असतो आणि पडद्यावर त्या क्रमांकासोबत जागेचं नाव उमटतं.

दिव्यांचे रंग सहसा ठरलेले: हिरवा म्हणजे वीज चालू, लाल म्हणजे आगीचा इशारा, पिवळा म्हणजे बिघाड किंवा एखादा भाग मुद्दाम बंद केलेला. पिवळा दिवा महिनोन्‌महिने जळतो आणि सगळ्यांना तो देवघरातल्या दिव्यासारखा सवयीचा होऊन जातो. तो पेटला असताना एखाद्या मजल्याची डबी मुकी असू शकते. मेन्टेनन्सवाल्याला त्याच दिवशी बोलवा.

इशारा आल्यावर वॉचमनने काय करावं? आधी ‘अ‍ॅक्नॉलेज’ दाबायचं, म्हणजे पॅनलची स्वतःची पिपाणी थांबते आणि डोकं चालू लागतं. मग पडद्यावरची ओळ वाचायची आणि लगेच कागदावर लिहायची. एकापेक्षा जास्त इशारे असतील तर बाणाच्या बटणांनी पहिला इशारा शोधायचा. धूर वर चढत जातो तसे वरचे डिटेक्टर एकामागून एक बोलू लागतात आणि पडदा भरून जातो. आग कुठे सुरू झाली याचा सगळ्यात चांगला अंदाज पहिल्या ओळीवरून येतो.

नंतर एकाने वॉकीटॉकी घेऊन जिन्याने वर जायचं आणि दुसऱ्याने पॅनल सोडायचं नाही. धूर किंवा जळका वास असल्याचं वरून कळताच १०१. वर गेलेल्या माणसाचा काही पत्ताच लागत नसेल, तरीही १०१.

आणि ‘रीसेट’ला हात लावायचा नाही. ही सर्वांत जास्त होणारी चूक. हूटरचा आवाज सहन होत नाही, वरून लोक फोन करून ओरडतात, म्हणून वॉचमन रीसेट दाबून मोकळा होतो. त्याने पडद्यावरची माहिती पुसली जाते. ती पॅनलच्या नोंदींत सापडते, पण गडबडीत त्या कोण उघडून बघणार? आवाज थांबवायला ‘सायलेन्स’चं वेगळं बटण असतं, आणि तेही वर गेलेल्या माणसाने खात्री दिल्यावरच दाबायचं. खरी आग असेल तर अग्निशमन दलाचा अधिकारी येऊन तो पडदा स्वतः बघतो.

पायरी ४: पॅनलवरची नावं आपल्या भाषेत आणा

आगीच्या डबीमागची मूळ कल्पनाच जागा सांगण्याची आहे. १८५२ साली अमेरिकेत बॉस्टन शहराने विल्यम चॅनिंग आणि मोझेस फार्मर यांची तारेवर चालणारी यंत्रणा बसवली, तेव्हा रस्त्यावरच्या डबीतली मूठ फिरवली की त्या डबीचा क्रमांक तारेने मध्यवर्ती कचेरीत पोचायचा. क्रमांक कुठल्या रस्त्याचा, हे तिथल्या माणसाला ठाऊक असायचं. आपल्याकडे पावणेदोनशे वर्षांनंतर क्रमांक पोचतो, पण तो समजणारा माणूस पुष्कळदा केबिनमध्ये नसतो.

कारण साधं आहे. पॅनलमधली नावं बिल्डरच्या नकाशावरून भरलेली असतात. नकाशात ‘टॉवर टू’, रहिवाशांसाठी ती ‘बी विंग’. नकाशात ‘पोडियम’ला पहिला मजला धरलेला, त्यामुळे पॅनलचा नववा म्हणजे आपला आठवा. कुठे तेरावा मजलाच गाळून ‘बारा-ए’ केलेला. शिवाय सगळी अक्षरं इंग्रजी, तीही तोडलेली. बिहारहून महिन्यापूर्वी आलेल्या वॉचमनने त्यातून काय बोध घ्यायचा?

यावर एका रविवारचं काम पुरतं. मेन्टेनन्सच्या माणसाकडून सगळ्या डब्यांची आणि डिटेक्टरची यादी मागवा. दोघांनी इमारत फिरायची: एक पॅनलपाशी, दुसरा मजल्यावर. प्रत्येक डबी टेस्टच्या चावीने चालवायची आणि पडद्यावर काय उमटलं ते लिहून घ्यायचं. मग एक तक्ता करा. डावीकडे पडद्यावर दिसतो तसाच मजकूर, उजवीकडे आपल्या भाषेत जागा: ‘बी विंग, ७ वा मजला, ७०३ समोर, जिन्याच्या दाराशी’. मराठीत करा, हिंदीतही करा, अक्षरं मोठी ठेवा, लॅमिनेट करून पॅनलच्या शेजारी लावा. तोच क्रमांक वरच्या डबीवरही चिकटवा. अ‍ॅड्रेसेबल पॅनलमधली नावं बदलता येतात. पुढच्या भेटीत ठेकेदाराकडून ती रहिवाशांच्या बोलण्यातली करून घ्या.

तक्त्याखाली आणखी एक छोटी यादी हवी: अंथरुणाला खिळलेली, एकटी राहणारी, ऐकू न येणारी माणसं कुठल्या फ्लॅटमध्ये आहेत. ही यादी दर्शनी नको, पॅनलच्या दाराच्या आतल्या बाजूला लावा. ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी हूटरबरोबर लुकलुकणारा दिवा बसवता येतो. कमिटीकडे तो मागायला संकोच नको.

पायरी ५: तपासणी, तीही आवाज करून

ब्रिटनमध्ये दर आठवड्याला ठरलेल्या वेळी एक डबी चालवून बघायची आणि दर वेळी वेगळी डबी निवडायची, अशी रीत आहे. आपल्याकडे महिन्यातून एकदा केलं तरी पुष्कळ. आदल्या दिवशी ग्रुपवर मेसेज टाका, वेळ ठरवा आणि टेस्टच्या चावीने एक डबी चालवा. तीन गोष्टी बघायच्या. हूटर वाजला का? पॅनलवर जागा बरोबर आली का? आणि बेडरूमचं दार लावून, एसी चालू ठेवून तो ऐकू येतो का? तिसरी चाचणी सहसा कुणी करत नाही, आणि रात्री झोपेत उपयोगाची तीच असते.

एकदा पॅनलची मुख्य वीज बंद करून यंत्रणा बॅटरीवर चालते का ते मेन्टेनन्सवाल्याच्या देखत बघा. आग शॉर्टसर्किटची असेल तर सगळ्यात आधी वीजच जाते. आतल्या बंद बॅटऱ्यांचं आयुष्य मोजकी वर्षं असतं. त्या बसवल्याची तारीख त्यांच्यावर मार्करने लिहून ठेवा.

पायरी ६: खोट्या इशाऱ्यांचा बंदोबस्त

मुलं डबी दाबतात, फर्निचरचं काम चालू असलेल्या घरातून धूळ उडते, दिवाळीत लॉबीत धूर साठतो. दोनदा रात्री हूटर वाजला की तिसऱ्या दिवशी कुणीतरी वॉचमनला सांगतं, ‘बंदच करून टाक ते.’ मग मजलाच्या मजला ‘आयसोलेट’ होतो, म्हणजे पॅनलवरून बंद केला जातो, आणि तसाच राहतो. डब्यांवर झाकणं बसवा, ती स्वस्त असतात. कामासाठी एखादा भाग बंद करावाच लागला तर फक्त तेवढाच करा. कोणी बंद केला, कधी, पुन्हा कधी चालू करायचा, हे रजिस्टरमध्ये लिहा आणि संध्याकाळी सेक्रेटरीने स्वतः बघून सही करावी. मी याबाबतीत कडक आहे. परळच्या क्रिस्टल टॉवरमध्ये २२ ऑगस्ट २०१८ ला आग लागून चौघांचा जीव गेला, तेव्हा इमारतीतली अग्निशमन यंत्रणा चालू स्थितीत नसल्याचं अग्निशमन दलाने सांगितलं होतं.

पायरी ७: कागदपत्रं

‘महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६’ नुसार यंत्रणा चालू ठेवायची जबाबदारी मालकाची किंवा भोगवटादाराची, म्हणजे आपल्या बाबतीत सोसायटीची. परवानाधारक एजन्सीकडून तपासणी करून दर जानेवारीत आणि जुलैत प्रमाणपत्र द्यावं लागतं. सगळे त्याला ‘फॉर्म बी’ म्हणतात. एजन्सीशी करार करताना त्यात नळ, पंप आणि सिलिंडरसोबत पॅनल, डब्या, हूटर आणि बॅटऱ्यांचा स्पष्ट उल्लेख आहे का ते वाचा. प्रमाणपत्रावर सही होण्याआधी एजन्सीच्या माणसाला पॅनलपाशी उभं करा, कमिटीतल्या कुणालातरी वरच्या कुठल्याही मजल्यावर पाठवा, एक डबी चालवायला सांगा आणि त्याला पडद्यावरची ओळ मोठ्याने वाचायला लावा.