बाजारस्वातंत्र्याचा अभ्यास करायचाय? आधी अधिसूचना वाचा

शेतकरी संघटनेच्या वाटेने असो की स्वतंत्र पक्षाच्या इतिहासातून, इथवर आलात म्हणजे बाजारस्वातंत्र्याचा विचार ठाऊक आहे असं धरतो. शेतकरी संघटनेचे शरद जोशी, स्वतंत्र पक्षाचे मिनू मसानी, दुसऱ्या पंचवार्षिक योजनेवर १९५५ मध्ये भिन्नमत नोंदवणारे अर्थतज्ज्ञ बी. आर. शेणॉय हे वाचून होतंच. माणूस अडकतो तो कायद्यापाशी. मीही तिथेच अडकलो होतो आणि ती चिडचीड अजून गेलेली नाही.

कांदा घ्या. ५ जून २०२० च्या अध्यादेशाने जीवनावश्यक वस्तू कायदा सैल झाला. किरकोळ भाव दुपटीवर गेल्याशिवाय कांद्याच्या साठ्यावर मर्यादा नाही, असं त्यात होतं (ही सुधारणा २०२१ मध्ये रद्द झाली). आम्हाला वाटलं, सुटलो. १४ सप्टेंबरला निर्यातबंदी आली! अध्यादेशाचं एक अक्षरही मोडलं नव्हतं, कारण बंदी १९९२ च्या विदेश व्यापार कायद्याखालच्या अधिसूचनेने, म्हणजे राजपत्रात छापलेल्या सरकारी आदेशाने, आली होती. ऑक्टोबरमध्ये साठामर्यादाही आली, घाऊक व्यापाऱ्याला २५ टन, किरकोळला २ टन. तीही सुधारित कायद्यातल्याच भाववाढीच्या अपवादातून. २०२३ च्या ऑगस्टमध्ये ४० टक्के निर्यातशुल्क लागलं ते सीमाशुल्काच्या मार्गाने, डिसेंबरमध्ये पुन्हा बंदी. म्हणून एकच कायदा वाचून मत बनवू नका. साठा, निर्यात, शुल्क, बाजार समिती, प्रत्येकाचा कायदा वेगळा, खातं वेगळं. अपवादाचं कलम सगळ्यात आधी वाचा. अधिसूचना न वाचता लेख लिहिणाऱ्याला कोणीही दोन मिनिटांत खाली बसवतो.

राज्यघटनेच्या नवव्या परिशिष्टात, म्हणजे कोर्टापासून संरक्षण दिलेल्या कायद्यांच्या यादीत, कायदा गेला की कोर्टाचं दार कायमचं बंद, असं सभांमधून अजून सांगतात. तसं नाही. सर्वोच्च न्यायालयाचा २००७ चा कोएल्हो निकाल मुळातून वाचा. व्हिडिओवर भागवू नका.

मार्गदर्शकाबद्दल माझं मत ठाम आहे. व्यापाऱ्यांची बाजू म्हणजेच बाजाराची बाजू असं मानणाऱ्याकडे जाऊ नका. दिल्लीत इंटर्नशिप मिळाली नाही तर काही बिघडत नाही, लासलगावच्या कांदा लिलावात उभे राहा.

राजपत्राची भाषा रुक्ष आहे, पण तीच वाक्यं पुन्हा पुन्हा येतात. लवकरच सरावाल, खरंच. कांदा नको असेल तर १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश उघडा. दोन साखर कारखान्यांमध्ये केंद्राने १५ किलोमीटरचं अंतर सांगितलंय, महाराष्ट्राने ते २५ केलंय. हा अधिकार राज्याला कुठल्या तरतुदीने मिळाला, ते शोधून काढा.